मदत हवी आहे: मुंबई ते गोवा शिडाच्या बोटीने, मुक्कामाची बंदरं

मंडळी, डिसेंबरात मी आणि मेहुणा मुंबईहून पणजीपर्यंत शिडाच्या बोटीने जाणार आहोत. घाई नाही. दिवसा चालायचं, संध्याकाळी खाडीत नांगर टाकायचा. रात्री चालायचं नाही, कारण मच्छीमारांची जाळी अंधारात दिसत नाहीत.

वाऱ्याचं गणित ढोबळ मानाने जमतंय. पहाटे मतलई (जमिनीवरून समुद्राकडे वाहणारा वारा) घेऊन बाहेर पडायचं आणि दुपारी समुद्रावरून येणारा वायव्येचा खारा वारा धरून दक्षिणेला सरकायचं. (परतताना हाच वारा तोंडावर येणार, ते तेव्हा बघू.)

खरी अडचण खाड्यांच्या तोंडांची आहे. बोटीला दीड मीटर पाणी लागतं. बाणकोटला सावित्रीच्या आणि दाभोळला वाशिष्ठीच्या मुखाशी वाळूचे दांडे आहेत, आणि ते दर पावसाळ्यानंतर जागा बदलतात. नकाशावर किती विसंबायचं? यंदाच्या पावसाळ्यानंतर तिथून कोणी गेलंय का? भरती किती चढल्यावर आत शिरावं? उधाणाचे (मोठ्या भरती-ओहोटीचे) दिवस टाळून भांगाचे (लहान भरती-ओहोटीचे) धरावेत, असं मेहुणा म्हणतो. मला उलट वाटतं, निदान भरतीला पाणी तरी जास्त मिळेल.

जयगड आणि विजयदुर्ग आडोशाचे आहेत, तिथली काळजी नाही. मालवणची मात्र आहे. सिंधुदुर्गाभोवती खडकच खडक, तेव्हा वाट दाखवायला स्थानिक माणूस घ्यावा की सरळ वेंगुर्ला गाठावं?

हर्णैला मासळीच्या लिलावाच्या वेळी नांगर टाकला तर होड्यांना अडचण होते का? आणि वाटेत डिझेल, गोडं पाणी कुठे सहज मिळतं? कोळी बांधवांनी सांगितलं तर फारच उत्तम.