गवतातले छोटे पतंग उडताना दिसतात, बसले की गायब. कसे बघायचे?

कुरणवेडी:
कुरणात चालताना पायाजवळून छोटे फिकट पतंग उडतात, जेमतेम सेंटीमीटरभर लांब, दोन-तीन मीटरवर जाऊन बसतात आणि मग काही केल्या सापडत नाहीत. आठवडाभर रोज जातेय, एकही धड फोटो नाही. हे कोणते आणि उडवून न लावता बघायचे कसे?

ऊनसावली:
वर्णनावरून क्रॅम्बिडी कुळातले गवती पतंग वाटतात. हे पंख पसरून बसत नाहीत, अंगाभोवती गुंडाळून घेतात आणि काडीला समांतर चिकटतात, बरेचदा डोकं खाली करून, त्यात बऱ्याच जातींच्या पुढच्या पंखावर लांबट पांढरा पट्टा असतो त्यामुळे नजर बरोब्बर त्याच्यावरून जाते आणि तरी आपल्याला वाळकी काडीच दिसते. म्हणून पतंग शोधू नका, मध्येच किंचित जाड झालेली काडी शोधा. उडाला की मागे धावायचं नाही, जागेवर थांबून तो उतरला तिथली एखादी खूण, वाकडं पातं किंवा फूल, डोळ्यात धरायची आणि नजर न हलवता सावकाश जायचं. सूर्य अगदी पाठीशी नको, आपली सावली त्याच्यावर पडली की उडालाच.

रातपाखरू:
सहमत, पण संध्याकाळ सोडू नका! अंधार पडताना हे आपणहून उडायला लागतात, टॉर्च खाली धरून गवताच्या शेंड्यांवरून फिरवा, दिवसा जे खाली दडलेले असतात त्यातले कितीतरी वर दिसतील. पांढरा कपडा आणि दिवा लावला तरी येतात. आणि अळ्याही बघा ना, लोक त्यांना विसरतातच. गवताच्या बुडाशी रेशमाची नळी विणून राहतात. मादी तर बऱ्याच जातींत अंडी कुठे चिकटवत नाही, नुसती गवतात टाकून देते. ऊस-ज्वारीचा खोडकिडाही यांच्याच कुळातला, पण म्हणून कुरणातल्या सगळ्यांना कीड समजू नका प्लीज.

मॅक्रोप्रेमी:
फोटो दोन हवेत, एक वरून पंखांचा, एक बाजूने, तोंडापुढे आलेली लांब चोच दिसेल असा. ती चोच म्हणजे ओठांचे स्पर्शक, गवती पतंग ओळखायची मोठी खूण. खवले झडलेल्या पतंगावर डोकं शिणवू नका. काही जाती जननेंद्रियं तपासल्याशिवाय वेगळ्या करताच येत नाहीत, तिथे नुसतं प्रजातीचं (जीनस, म्हणजे जवळच्या जातींचा गट) नाव लिहायला काहीच हरकत नाही.

कुरणवेडी:
सगळ्यांना थँक्यू!! आज उठल्या उठल्या गेले, दव होतं, गारठ्यामुळे असेल पण फारसे उडत नव्हते, आणि ती जाड काडी शोधायची युक्ती लागू पडली, एकाच झुपक्यात तीन. एक अगदी उलटा टांगलेला, मिशा पाठीवर दुमडलेल्या, चोचीवर दवाचा थेंब. दहा मिनिटं गुडघ्यावर बसून बघत होते, फोटो काढायचं नंतर सुचलं. बाजूचा चांगला आलाय, वरचा उद्या.