जन्मठेप झाली, अपील झालेलं नाही, माणूस निर्दोष वाटतो: धुळ्याहून सुरुवात कुठून करायची?

अनेरकाठ
राम राम मंडळी. शिरपूर तालुक्यातल्या एका पावरा शेतमजुराला खुनाच्या केसमध्ये (जुन्या भारतीय दंड संहितेचं कलम ३०२) धुळे सत्र न्यायालयाने जन्मठेप दिली. निकालाला सात महिने झाले. तो आता नाशिकरोड जेलला आहे. डोळ्यांनी पाहणारा साक्षीदार एकच, तो म्हणतो रात्री बल्बच्या उजेडात ओळखलं. बाकी पुरावा म्हणजे कुऱ्हाडीची जप्ती. घरच्यांकडे एकही कागद नाही. एक जण 'हायकोर्टात बघून घेतो' म्हणून पैसे मागतोय. मुंबई-दिल्लीच्या संस्थांना पत्रं लिहावीत का?

खंडपीठ_वारी
संस्था नंतर भाऊ, आधी अपील दाखल होऊ द्या. दिल्लीची संस्थासुद्धा पहिला प्रश्न हाच विचारेल.

सत्र न्यायालयाच्या शिक्षेविरुद्ध हायकोर्टात जायला ६० दिवस असतात (फाशी असेल तर ३०). मुदत गेली म्हणून दार बंद होत नाही. अपिलासोबत विलंब माफीचा अर्ज आणि शपथपत्र द्यायचं. आरोपी जेलमध्ये, घरचे अडाणी, पैसा नाही, हे कारण कोर्टं सहसा मान्य करतात. मात्र ते तारखांसह लिहावं लागतं. नक्कल मिळायला लागलेले दिवस मुदतीतून वजा होतात, म्हणून अर्ज केल्याची आणि नक्कल तयार झाल्याची, दोन्ही तारखांचे शिक्के जपा.

कोर्ट कोणतं? मुंबई हायकोर्टाचं औरंगाबाद खंडपीठ. धुळे, जळगाव, नंदुरबार तिन्ही जिल्हे त्याखाली आहेत. माणूस नाशिकरोडला आहे आणि नाशिक मुंबईखाली येतं, म्हणून लोक उगाच मुंबईला जाऊन येतात. जेल कुठे आहे ते बघायचं नसतं, शिक्षा कोणत्या कोर्टाने दिली ते बघायचं.

वकील फुकट मिळतो. विधी सेवा प्राधिकरण कायदा १९८७, कलम १२: कोठडीतल्या कोणालाही, उत्पन्नाचा दाखला न मागता. अनुसूचित जमातीचा म्हणूनही त्याचा हक्क आहेच. एकतर त्यानेच जेल अधीक्षकांमार्फत अर्ज द्यावा, किंवा घरच्यांनी धुळ्याच्या जिल्हा न्यायालयातल्या विधी सेवा प्राधिकरणात द्यावा. तिथून तो खंडपीठाच्या विधी सेवा उपसमितीकडे जातो. अर्ज एक पानाचा पुरे: कैद्याचं नाव आणि बंदी क्रमांक, सत्र खटला क्रमांक, निकालाची तारीख, कलमं, शिक्षा, जेल, आणि 'अपील दाखल झालेलं नाही' हे स्पष्ट वाक्य. आवक क्रमांकाची पोच घेतल्याशिवाय टेबल सोडू नका. अडलं तर विधी सेवेच्या १५१०० या हेल्पलाइनवर फोन करा. मराठी साक्षींचं इंग्रजी भाषांतर आणि पेपर बुकचा (अपिलासाठी बांधलेल्या कागदपत्रांच्या संचाचा) खर्चही याच मदतीत बसतो; तो कोणी मागितला तर समितीला कळवा.

उलटतपासणी
वरचं बरोबर, पण खरी लढाई कागदांवर आहे. हायकोर्ट सहसा नव्याने साक्षीदार बोलावत नाही, खालच्या कोर्टाचं रेकॉर्डच वाचतं. 'तो असं करूच शकत नाही' याला तिथे किंमत शून्य.

निकालाची एक प्रत दोषी ठरलेल्याला मोफत द्यायची असते (जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेचं कलम ३६३, नव्या नागरिक सुरक्षा संहितेचं ४०४; पुढेही जुनं-नवं याच अर्थाने). ती बहुतेक जेलमध्ये त्याच्या सामानात असेल, भेटीत विचारा. बाकी फिर्याद, दोषारोपपत्र, सगळ्या साक्षी, पंचनामे, पोस्टमॉर्टेम, सी.ए. (रासायनिक तपासणीचा) रिपोर्ट आणि ३१३ चा जबाब (कोर्टाने आरोपीला विचारलेले प्रश्न आणि त्याची उत्तरं) यांच्या नकला काढा. मग वाचायला बसा.

प्रत्यक्षदर्शीचा पोलीस जबाब घटनेनंतर किती दिवसांनी घेतला? त्याच दिवशी गावात हजर असूनही चार दिवसांनी घेतला असेल, तर मुद्दा मोठा आहे. तो आरोपीला आधी ओळखत होता का? नसेल तर ओळख परेड झाली का? बल्बचा उल्लेख घटनास्थळ पंचनाम्यात आहे की फक्त कोर्टातल्या साक्षीत उगवला? इथे एक खाच आहे. पोलीस जबाबात नसलेली गोष्ट साक्षीदार कोर्टात बोलला, तर ती तफावत त्याला दाखवावी लागते आणि मग तपास अधिकाऱ्याकडून शाबीत करून घ्यावी लागते. खालच्या वकिलाने दुसरा भाग सोडलेला असेल, तर अपिलात तो मुद्दा लंगडा पडतो. आधी तेच तपासा.

कुऱ्हाड: मेमोरंडम पंचनाम्यातलं (वस्तू काढून देण्याआधी पोलिसांसमोर आरोपीने केलेल्या निवेदनातलं) 'मी मारलं' वाचता येत नाही, 'काढून देतो' एवढंच चालतं. जागा उघडी होती का, पंच पोलिसांचे नेहमीचेच का, जागेवर लाखेचं सील लावलं का, मुद्देमाल (जप्त वस्तू) प्रयोगशाळेत किती दिवसांनी गेला? रिपोर्टमध्ये नुसतं 'मानवी रक्त' असेल आणि रक्तगट निघालेला नसेल, तर त्या जप्तीचं वजन बरंच उतरतं.

पानपुडी
'बघून घेतो' वाल्याला एक रुपया देऊ नका. वकालतनाम्यावर कैद्याची सही आणि जेल अधीक्षकांचा साक्षांकनाचा शिक्का लागतो. तो नसेल तर त्या माणसाने काहीच दाखल केलेलं नाही. दाखल झाल्यावरही ऑफिस ऑब्जेक्शन (कोर्ट कार्यालयाने दाखवलेल्या कागदांतल्या त्रुटी) वेळेत काढली नाहीत तर अपील नोंदणीआधीच फेटाळलं जातं. म्हणून फायलिंग नंबर घ्या आणि ई-कोर्ट्सच्या वेबसाइटवर दर आठवड्याला बघा.

अनेरकाठ
त्या रात्री वीज नव्हती असं गावकरी म्हणतात. फोनही दुसऱ्या गावात होता. हे आता मांडता येईल?

उलटतपासणी
येईल, पण वेगळ्या अर्जाने (जुनं ३९१, नवं ४३२), आणि खटल्यात का आलं नाही याचं पटणारं कारण देऊन. विजेसाठी महावितरणकडे माहिती अधिकारात त्या तारखेची फीडरची (गावाला वीज पुरवणाऱ्या वाहिनीची) नोंद मागा, फी १० रुपये. 'गावात' असं मोघम न लिहिता फीडर आणि वेळ लिहा. फोनचं अवघड आहे. कंपन्यांवर नोंदी जपायचं बंधन दोन वर्षांचं, त्यामुळे आता कदाचित हाती काही लागणार नाही. पोलिसांनी त्या वेळी सीडीआर (फोन कॉलच्या नोंदी) मागवून दोषारोपपत्रात लावलाच नव्हता का, हे तपास अधिकाऱ्याच्या उलटतपासणीत शोधा. दाबून ठेवलेला पुरावा केस फिरवतो: जालना जिल्ह्यातल्या भोकरदनच्या २००३ च्या खटल्यात प्रत्यक्षदर्शीने पोलिसांच्या फोटोंतून भलत्याच चौघांना ओळखलं होतं. त्यांच्यावर कारवाईच झाली नाही. फाशी कायम झालेल्या सहा जणांना सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये निर्दोष सोडलं आणि प्रत्येकी पाच लाख भरपाई दिली.

खंडपीठ_वारी
दोन गोष्टी राहिल्या. त्याला मराठी कितपत कळते? पावरी बोलणाऱ्याला ३१३ चे प्रश्न दुभाष्याशिवाय विचारले असतील, तर वकिलाला आवर्जून सांगा. रेकॉर्डवर दुभाष्याची नोंद असते किंवा नसते, तेवढं बघायचं. आणि घटनेच्या वेळी वय १८ च्या आत असण्याची थोडीही शक्यता असेल, तर आश्रमशाळेचा दाखला काढा. अल्पवयीन असल्याचा दावा निकालानंतरही, कोणत्याही टप्प्यावर करता येतो.

अपिलासोबतच शिक्षा स्थगिती आणि जामिनाचा अर्ज लावा (जुनं ३८९, नवं ४३०). जन्मठेपेत सरकारी वकिलाला म्हणणं मांडायची संधी द्यावी लागते, त्यामुळे पहिल्याच तारखेला निर्णय होईल असं घरच्यांना सांगू नका.