काकांचा अँटिबॉडी रिपोर्ट आणि किलर टी सेल : वेक्टरवाली लस खरंच भारी?

दांडियाबाजारी बाळू :
दिवाळीची साफसफाई चालली होती, माळ्यावरच्या फायलीत काकांचा २०२१ चा अँटिबॉडी रिपोर्ट सापडला, आकडा बेताचाच, आणि झालं, काका परत सुरू, "कोविशील्डचे दोन्ही डोस पाण्यात गेले". मला नाही पटत. त्या आकड्यात किलर टी सेलचा, म्हणजे व्हायरस शिरलेल्या पेशी मारणाऱ्या पांढऱ्या पेशींचा, हिशोबच नाही ना! कोविशील्डमधे वेक्टर, म्हणजे वाहक, म्हणून चिंपांझीचा अडिनोव्हायरस असतो, वाढू न शकणारा, तो स्पाइकचा, म्हणजे कोरोनाच्या अंगावरच्या काट्यांच्या प्रोटीनचा, जीन आपल्या पेशीत नेऊन ठेवतो, मग पेशीच स्पाइक बनवते नि त्याचे तुकडे बाहेर मांडते. शेजारी काय शिजलंय ते ओट्यावरच्या टरफलांवरून कळतं, तसं किलर सेलला कळतं. मेलेल्या व्हायरसच्या लशीत पेशी आतून काही बनवत नाही, म्हणून तिथे या सेल कमी जाग्या होतात. माझ्या मते वेक्टरवालीच भारी.

रावपुऱ्याचे नाना :
भारी कशावरून रे? २००७ ची मर्क कंपनीची एचआयव्हीची लस आठव, तीही वेक्टरवाली, वाहक अडिनो ५ नावाचा अडिनोव्हायरस. किलर सेल तयार झाल्या पण लागण काही थांबली नाही, लस देणं मधेच बंद करावं लागलं, उलट ज्यांच्या अंगात अडिनो ५ च्या अँटिबॉडी आधीच होत्या अशा पुरुषांत लागण जास्त दिसली. नुसत्या सेल मोजून काय करायचंय?

बाळू :
नाना, एचआयव्ही कुठे नि कोविड कुठे! ओमायक्रॉन आला तेव्हा अँटिबॉडी चकल्या पण टी सेल बऱ्यापैकी ओळखत होत्या, त्या स्पाइकचे खूप तुकडे ओळखतात, काही बदलले तरी बाकीचे तेच राहतात.

लॅबवाली ताई :
थांबा जरा दोघं. पेशीत व्हायरस शिरल्यावरच किलर सेलचं काम सुरू होतं, म्हणजे लागण त्या रोखत नाहीत, आजार बळावू देत नाहीत. नि त्यांची टेस्ट गल्लीतल्या लॅबमधे होत नाही हो, रक्तातल्या पेशी जिवंत ठेवायच्या, त्यांना स्पाइकचे तुकडे दाखवायचे, जी पेशी इंटरफेरॉन गॅमा सोडते तिचा प्लेटवर एक ठिपका उमटतो, ते ठिपके मोजत बसायचं. आणि बाळू, एक गोष्ट तू सोयीस्कर गाळलीस. पहिल्या डोसनंतर शरीर चिंपांझीच्या व्हायरसलाही ओळखायला लागतं, मग दुसऱ्या डोसला तो वाहकच अडवला जाऊ शकतो. ऑक्सफर्डच्या (कोविशील्ड मूळची तिथलीच) २०२० च्या चाचणीत टी सेल १४ व्या दिवशी शिगेला पोचल्या, दुसऱ्या डोसने वाढल्या त्या अँटिबॉडी, टी सेल नाही. रशियाच्या स्पुटनिक लसवाल्यांनी म्हणूनच पहिला डोस अडिनो २६ चा नि दुसरा अडिनो ५ चा ठेवला.

नाना :
म्हणजे माल तोच, टेम्पो दुसरा.

बाळू :
बरं, "भारी" अर्धं मागे घेतो. पण काकांना डेल्टाच्या वेळी दवाखाना लागला नाही हे तर खरं?

ताई :
एका काकांवरून नाही रे सांगता येत.

काका :
मी सगळं वाचतोय. उद्या पस्तीवाला (रद्दीवाला) येतोय, रिपोर्ट ठेवू का देऊ?

ताई :
द्या काका, चार वर्षांपूर्वीचा आकडा तो.

नाना :
फाईल ठेव पण, चांगली आहे.