नवे शालेय वर्ष आणि साहित्याचे पहिले तास: मुंबईतील शिक्षकांचे अनुभव

जून उजाडला की मराठीच्या शिक्षकापुढे वार्षिक नियोजन, घटक नियोजन आणि हजेरीपट एकदमच येऊन पडतात. मात्र मुलांची साहित्याशी पहिली गाठ कशी घालून द्यायची, हे त्या कागदांत कुठेच नसते. म्हणून मुंबईत मराठी शिकवणाऱ्यांना एवढेच विचारले आहे, की वर्षाच्या पहिल्या तासांना आपण काय करता आणि का करता.

परळ, मराठी माध्यम, दहावी

माझ्या वर्गात येणारी मुले कोरी पाटी घेऊन येत नाहीत. सुट्टीतल्या क्लासमध्ये बरेचसे पुस्तक उरकलेले असते आणि रसग्रहणात आशयसौंदर्य, काव्यसौंदर्य व भाषिक वैशिष्ट्ये कोणत्या क्रमाने लिहायची, हे कविता वाचण्याआधीच पाठ असते. एका जूनमध्ये मी फळ्यावर नुसते शीर्षक लिहिले, तोवर पहिल्या बाकावरच्या मुलीने वहीत 'प्रस्तुत कवितेतून कवीने मोलाचा संदेश दिला आहे' असे लिहूनही टाकले होते. (कविता कवयित्रीची होती, ही गोष्ट वेगळी.)

त्यामुळे सुरुवातीला पुस्तके दप्तरातच राहतात. मी कविता दोनदा मोठ्याने वाचतो आणि कोणती ओळ पुन्हा ऐकावीशी वाटते, एवढेच विचारतो. कारण विचारत नाही, कारण ते विचारले की मुले लगेच कृतिपत्रिकेच्या, म्हणजे परीक्षेतल्या प्रश्नपत्रिकेच्या, भाषेत बोलू लागतात. लेखी परीक्षा ८० गुणांची आहे आणि तिचा सराव मीच करून घेतो, पण तो दिवाळीनंतर.

गोवंडी, महापालिका शाळा, सातवी

आमच्याकडे जूनमधला पट आणि जूनमधली हजेरी यांचा मेळ बसत नाही, कारण गावी गेलेली कुटुंबे परतीचे तिकीट मिळेल तशी येतात. जी मुले हजर असतात त्यांच्याकडून मी गावी ऐकलेली एखादी गोष्ट, उखाणा किंवा भांडण सांगून घेते आणि ते सांगितले तसेच, बोलीसकट, फळ्यावर लिहिते. पहिला पाठ सुरू होतो तेव्हा संवाद म्हणजे काय, हे वेगळे समजावावे लागत नाही.

पाठ्यपुस्तके आठवीपर्यंत मोफत मिळतात. २०२३-२४ मध्ये दुसरी ते आठवीच्या पुस्तकांत नोंदींसाठी कोरी पाने आली होती आणि २०२५-२६ पासून ती काढण्यात आली. अनेकांना ती पाने म्हणजे दप्तराचे ओझे वाटत असे. माझ्या वर्गात मात्र धड्यातल्या पात्राला केलेले प्रश्न त्याच पानांवर उतरत. आता त्यासाठी घरून पाठकोरे कागद आणायला सांगते.

चेंबूर, इंग्रजी माध्यम, सहावी

२०२० च्या कायद्याने राज्यातील सर्व मंडळांच्या शाळांत मराठी सक्तीची झाली, पण सक्तीमुळे गोडी लागत नाही. एकाच बाकावर घरी तमिळ, गुजराती आणि मालवणी बोलणारी मुले बसतात. येताना वाटेत वाचलेले किंवा ऐकलेले एक मराठी वाक्य आणा, असे मी सांगतो. बसवरच्या पाट्या, लोकलमधली 'पुढील स्टेशन'ची घोषणा आणि भाजीवालीचे टोमणे असे सगळे जमते. टोमण्यांवर तास सर्वांत चांगला रंगतो.

मुलुंड, कनिष्ठ महाविद्यालय, अकरावी

केंद्रीय ऑनलाइन प्रवेशाच्या फेऱ्या चालू असेपर्यंत वर्ग भरत नाही, म्हणून मी आरंभी स्वतंत्र उभ्या राहणाऱ्या कविताच घेते. मराठीऐवजी माहिती तंत्रज्ञान घेणाऱ्या मुलांना मी दोष देत नाही. गुणांचे गणित त्यांनी मांडलेले नाही.

दादर, मराठी माध्यम, नववी-दहावी

परळच्या सरांचा पहिला भाग पटतो, दिवाळीपर्यंत थांबणे पटत नाही. ज्यांच्या घरी अभ्यास घेणारे कोणी नाही आणि क्लासची फी परवडत नाही, त्या मुलांना उत्तराचा साचा शाळेतच मिळायला हवा, आणि तोही जूनपासून. मी कविता वाचून झाल्यावर त्याच आठवड्यात रसग्रहण लिहायला देते; फक्त तपासताना संदेशाच्या वाक्याखाली रेघ मारून 'हे कवितेत कुठे आहे?' असे विचारते. पहिल्या खेपेस बहुतेकांना ओळ सापडत नाही, आणि तीच वही पुन्हा लिहून घ्यावी लागते. तपासणीचे काम त्यामुळे दुप्पट होते, हे खरे.