किस्वा, गलेफ की चादर?

चाफा
मक्केतल्या काब्यावरच्या वस्त्राविषयीचा एक लेख मी मराठीत करते आहे. अरबी शब्द 'किस्वा'. पहिल्यांदा 'किस्वा, म्हणजे काब्याचं वस्त्र' असं लिहून पुढे नुसतं 'किस्वा' ठेवलं होतं. संपादकांनी सरसकट 'चादर' केलं. मला ते पटत नाही, पण पटत नाही म्हणजे नेमकं काय चुकलं हे सांगता येईना.
दुसरी अडचण 'हिजाम'ची. काळ्या वस्त्रावर चारही बाजूंनी फिरलेला सोनेरी अक्षरांचा पट्टा. रुंदी ९५ सेंटिमीटर, १६ तुकडे मिळून लांबी ४७ मीटर. 'काठ' लिहिलं होतं, पण तो कडेला नाही, उंचीच्या साधारण दोन तृतीयांशावर आहे.

कृष्णाकाठ
चादर अंथरतात, पांघरतात. हे १४ मीटर उंच वस्त्र वरून खाली सोडलेलं असतं, त्याला चादर कसं म्हणायचं? आपला शब्द आहे की, गलेफ! दर्ग्यावर चढवतात ते वस्त्र. मिरजेला मीरासाहेबांच्या उरुसात पहिला मानाचा गलेफ चर्मकार समाजाचा. लहानपणी वडिलांच्या खांद्यावर बसून मी ती मिरवणूक पाहिली आहे. ऊद, फुलं, आणि चार कोपरे धरून चाललेली माणसं. आमच्या गल्लीत हा शब्द कुणाला समजावून सांगावा लागत नाही.

खाडीकाठ
कृष्णाकाठ, शब्द गोड आहे, पण इथे नको. आमच्या रत्नागिरीकडच्या घरात 'काब्याचा गिलाफ' म्हणतात. दर्ग्यावर गलेफ चढवतात तो नवसाचा, मानाचा. काब्याच्या गिलाफामागे कुणाचा नवस नाही. दादा, म्हणजे आमचे आजोबा, मुंबईहून बोटीने हजला गेले होते. परत आले तेव्हा शेजारच्या काकूंनी भक्तिभावाने विचारलं, "तिथे चादर वाहिलीत का?" दादा म्हणाले, "नाही वहिनी, तिथे वाहायचं काही नसतं. आपणच दोन पांढरी कापडं गुंडाळून जायचं." इहरामची ती दोन बिनशिवलेली कापडं दादीने घडी करून पेटीत ठेवली. पुढे दादांचं कफन त्यांचंच झालं. मूळ शब्द आणि आमचा शब्द, दोन्ही लेखात ठेवा. चादर मात्र काढाच.

शब्दवेडा
गिलाफ आणि गलेफ हा एकच शब्द आहे, आपल्या तोंडी बसताना स्वर बदलले. त्यामुळे खाडीकाठ यांचा आक्षेप शब्दाला नाही, त्याभोवतीच्या रूढीला आहे.
किस्वाचं मूळ 'वस्त्र नेसवणे, पांघरवणे' या धातूत. कुराणात हा शब्द काब्यासाठी येत नाही, माणसांसाठी येतो. दुसऱ्या सूरेत, म्हणजे अध्यायात, बाळाला दूध पाजणाऱ्या आईचं 'रिज्क' आणि 'किस्वा' बापाने पाहायचं आहे, म्हणजे आपलं अन्नवस्त्र. पाचव्या सूरेत शपथ मोडली तर दहा गरिबांना जेवण किंवा किस्वा. जो शब्द उघड्याच्या अंगावरच्या कापडाचा, तोच काब्याचा. म्हणून 'वस्त्र' हाच खरा अनुवाद. मला हे फार हलवून जातं.

दूर्वांकुर
प्रावरण किंवा आच्छादन. मराठीला संस्कृतचं एवढं भांडार असताना गलेफ, गिलाफ, किस्वा यांतून निवड करायची वेळ का यावी? गलेफ तर आम्ही उशीचा म्हणायचो.

कृष्णाकाठ
'प्रावरण' तुमच्या घरात शेवटचं कोण बोललं होतं? मिरजेच्या बाजारात हा शब्द उच्चारून कापड मागून बघा.

दूर्वांकुर
बाजारात चालतो तोच शब्द, हा निकष लावला तर निम्मा शब्दकोश बाद होईल. लेखनाची भाषा थोडी वर असावी, एवढंच माझं म्हणणं.

धोटा
आमच्याकडे येवल्यात तीन पिढ्या माग आहे. मी हिजामबद्दल बोलतो. काठ म्हणू नका. काठ मागावर अंगाबरोबरच विणला जातो. हिजाम भरतकाम आहे. आधी सुताची जाड भर घालून अक्षर उठवतात आणि त्यावर सोन्याचा मुलामा दिलेली चांदीची तार टाके घालून बसवतात. म्हणून अक्षर बोटाला लागेल एवढं वर येतं. विणकाम आहे ते खालच्या काळ्या रेशमात. त्यातही अक्षरं आहेत, पण काळ्यावर काळी. जकार्डवर, म्हणजे नक्षी विणायच्या मागावर विणलेली, तिरपा उजेड पडला तरच वाचता येतात. मला विचाराल तर विणकराचं मन त्या काळ्या अक्षरांवर जडतं. एका वस्त्राला साधारण ६७० किलो रेशीम लागतं.
'पट्टा' म्हणा. साधा शब्द आहे, चूक नाही.

शब्दवेडा
'मेखला'ही चालेल. हिजाम म्हणजे कंबरपट्टाच. आणि काब्याच्या दारावरच्या पडद्याला अरबीत 'बुर्कू' असंही म्हणतात, म्हणजे आपला बुरखा! वस्त्र, कंबरपट्टा, बुरखा. हजच्या दिवसांत खालचा भाग सुमारे तीन मीटर वर उचलून तिथे पांढरं सुती कापड लावतात, त्याला 'काब्याचा इहराम' म्हणतात. सगळी नावं अंगावरच्या कपड्यांची. म्हणून आच्छादन नको. आच्छादन वस्तूवर घालतात.

खाडीकाठ
हे मात्र मनापासून पटलं. आमच्याकडेही तो पांढरा पट्टा दिसला की म्हणतात, "काब्याने इहराम बांधला."

कृष्णाकाठ
पूर्वी हे वस्त्र इजिप्तहून यायचं ना? सोबत उंटावर सजवलेली 'महमल', म्हणजे अंबारी, असायची. मखमल शब्द त्यावरूनच आला, असं आमचे गुरुजी सांगत.

शब्दवेडा
इजिप्तहून येणं १९६२ साली थांबलं. मक्केत कारखाना १९२७ सालीच निघाला होता, आताचा १९७७ चा. पण व्युत्पत्ती चुकीची आहे. महमल 'वाहून नेणे' या धातूतून, म्हणजे आपल्या हमालाचा भाऊबंद. मखमलीतला 'ख' वेगळा, तो धातू कापडाच्या लवेचा.

कृष्णाकाठ
गुरुजींना खोटं पाडायला जीव होत नाही, पण हमाल ऐकून बरं वाटलं.

दूर्वांकुर
गलेफावरून आठवलं. आई चिरोट्यांना पाकाचा गलेफ द्यायची, 'गलेफलेले चिरोटे' म्हणायची. म्हणजे हा शब्द माझ्याही घरात होता तर.

खाडीकाठ
पाक एकतारी की दोनतारी? आमच्याकडे ईदला खाज्यांवर असाच देतात, पण त्याला गलेफ म्हणत नाहीत.

चाफा
उद्या सकाळी लेख द्यायचा आहे. 'वस्त्र' आणि 'गिलाफ' दोन्ही ठेवते आहे. हिजामला पट्टा की मेखला?

दूर्वांकुर
दोनतारी. एकतारीने चिरोटा मऊ पडतो.