मदत हवी आहे: मायक्रोस्कोपीचा निवासी कोर्स करावा का? कोणता?

काचपट्टी

नमस्कार मंडळी. पोस्ट लांबली आहे, आधीच माफी मागते.

पीएचडीचं चौथं वर्ष चालू आहे. पेशीतली दोन प्रथिनं एकाच जागी असतात का, हा माझा विषय. एक हिरव्या रंगाने रंगवायचं, दुसरं लाल, कॉन्फोकलवर (लेसरने पेशीचा एकेक पातळ थर टिपणारा मायक्रोस्कोप) फोटो काढायचे आणि पिवळं दिसलं, म्हणजे हिरवं-लाल एकाच जागी आलं, की खूश व्हायचं. मायक्रोस्कोप मला लॅबमधल्या सीनियरने शिकवला, त्याला त्याच्या सीनियरने. "हे बटण दाब, गेन सातशेवर ठेव, बाकी कशाला हात लावू नकोस." वारसाहक्काने आलेली सेटिंग्ज आहेत. ती तशी का, हे कुणी विचारलेलं नाही, मीही नाही.

गेल्या महिन्यात पेपर परत आला. दुसऱ्या रिव्ह्यूअरने दोनच प्रश्न विचारलेत: हिरव्याचा प्रकाश लाल चॅनेलमध्ये (फक्त लाल रंगाचा प्रकाश नोंदवणाऱ्या फोटोत) झिरपत नाही हे कशावरून? आणि पिक्सेल साइज (फोटोतला एक ठिपका पेशीतली केवढी जागा दाखवतो) किती होता? दुसऱ्याचं उत्तर द्यायला मला फाइलचा मेटाडेटा उघडून बघावा लागला. ०.२५ मायक्रॉन. हा आकडा बरा की वाईट तेही कळेना. त्या दिवशी फार वाईट वाटलं.

तेव्हापासून डोक्यात आहे की नीट शिकून यावं. आठ-दहा दिवसांचे निवासी कोर्सेस असतात असं ऐकलंय. सुपर-रेझोल्युशनचा (साध्या भिंगाच्या मर्यादेपलीकडचा बारकावा दाखवणारं तंत्र) एखादा करावा असं वाटतंय, नाहीतरी सगळं जग तिकडेच चाललंय. पण गाईड मॅडम म्हणतात, "दहा दिवसांत तुझे दोन प्रयोग होतील, व्हिडिओ बघून शिक." अर्जात काय लिहायचं, तयारी काय करायची, काहीच माहीत नाही. जाणकारांनी प्रकाश टाकावा (योग्य तरंगलांबीचा).

वाचनमात्र

वाखुसा (वाचनखूण साठवली). माझीही सेटिंग्ज वारसाहक्काचीच.

अंधारखोली

मी एका संस्थेची इमेजिंग फॅसिलिटी सांभाळतो. तुमच्यासारखे आठवड्याला दोन-तीन जण येतात, त्यामुळे वाईट वाटून घेऊ नका.

आधी तुमचा आकडा. ऑब्जेक्टिव्ह (नमुन्याजवळचं भिंग) बहुधा ६३एक्स, म्हणजे ६३ पट मोठं दाखवणारं, आणि एनए (भिंग किती रुंद कोनातून प्रकाश गोळा करतं त्याचा आकडा) १.४ असेल. भिंगाला किती बारीक तपशील वेगळा दिसेल याचं, जर्मन भौतिकशास्त्रज्ञ आबेने १८७३ साली मांडलेलं सूत्र घ्या: तरंगलांबी भागिले एनएची दुप्पट. हिरवा प्रकाश ५२० नॅनोमीटर धरला तर साधारण १८६ नॅनोमीटर येतात. एवढा बारकावा फोटोत उतरायचा तर पिक्सेल त्याच्या निम्मा तरी हवा, म्हणजे ९० च्या आसपास. तुमचा ०.२५ मायक्रॉन, म्हणजे २५० नॅनोमीटर आहे. तुमच्या भिंगाने दाखवलेला तपशील तुम्ही स्वतःच फेकून दिलात. दोन प्रथिनं शेजारी-शेजारी आहेत की एकाच जागी, हे त्या फोटोवरून कुणालाच सांगता येणार नाही. म्हणून तो प्रश्न खोचक नाही, रास्त आहे.

आता झिरपण्याचं. फक्त हिरवा रंग लावलेली स्लाइड आहे का? असेल तर सगळी सेटिंग्ज तीच ठेवून लाल चॅनेलमध्ये बघा. काही दिसलं, तर तुमच्या पिवळ्यातलं काही पिवळं खोटं आहे. दोन्ही लेसर एकाच वेळी चालू ठेवून फोटो काढत असाल तर ही शक्यता मोठी. एकानंतर एक असे चॅनेल घेतलेत तर बहुतेक वेळा सुटतं, कारण लाल चॅनेल घेताना हिरव्याला जागवणारा लेसर बंद असतो. ही स्लाइड कोर्सला जायच्या आधी बनवा. नंतर नाही.

सुपर-रेझोल्युशनचं मनातून काढा. २०१४ चं रसायनशास्त्राचं नोबेल त्याला मिळालं हे खरं, पण ज्या स्लाइडसोबत साधे कंट्रोल (वरच्यासारख्या पडताळणीच्या स्लाइड) नाहीत तिच्यावर ते तंत्र लावलं तर तीच चूक दहापट बारीक दिसेल.

धूसर

मी थोडं विरोधी बोलतो. आमच्या लॅबमधली एक जण सुपर-रेझोल्युशनच्या कोर्सला जाऊन आली. पंचवीस पानी नोंदी आणल्या, आठवडाभर सगळ्यांना समजावत होती. पण लॅबमध्ये तसलं यंत्रच नव्हतं. सहा महिन्यांनी सगळं विसरली. परत आल्यावर ज्या यंत्रावर बसणार, त्याच यंत्राचा कोर्स करावा.

आणि मॅडमचं अगदीच चूक नाही. आयबायॉलॉजी या शैक्षणिक संकेतस्थळाची मायक्रोस्कोपीवरची व्याख्यानमाला फुकट आहे, पायापासून शिकवते. ती आधी संपवा. ज्याला ती न बघताच कोर्सला जायचंय, तो तिथल्या महागड्या पहिल्या दोन दिवसांत अपवर्तनांक म्हणजे काय हे विचारत बसतो.

तेलाचाथेंब

जाऊन आलेल्यांपैकी मी एक. धूसर यांच्या पहिल्या मुद्द्याशी सहमत, दुसऱ्याशी अर्धाच. व्हिडिओने डोक्यात जातं, हातात येत नाही.

पहिल्याच दिवशी आमच्यापुढे भिंगं, आरसे आणि रिकामं टेबल ठेवलं, म्हणाले मायक्रोस्कोप बांधा. मग कोहलर इल्युमिनेशन (नमुन्यावर सगळीकडे सारखा प्रकाश पडेल अशी जुळवणी) करून दाखवा. १८९३ सालची पद्धत, आणि खोलीतल्या निम्म्या संशोधकांना जमेना. मलाही नाही. सकाळी व्याख्यान, दुपारपासून रात्री उशिरापर्यंत यंत्रं. कंपन्या आपापली यंत्रं घेऊन येतात, त्यामुळे एकच स्लाइड चार वेगवेगळ्या मायक्रोस्कोपवर बघायला मिळते. रात्री अकराला शिकवणारे शेजारी बसून तुमचा डेटा बघत असतात, हे कुठल्या व्हिडिओत मिळणार?

नावं हवी असतील तर: अमेरिकेत वुड्स होलच्या मरीन बायॉलॉजिकल लॅबोरेटरीतला लाइट मायक्रोस्कोपीचा कोर्स जुना आणि कडक, मायक्रोस्कोपीतले दिग्गज शिन्या इनोउए यांच्या परंपरेतला. अमेरिकेतल्याच कोल्ड स्प्रिंग हार्बर प्रयोगशाळेचा क्वांटिटेटिव्ह इमेजिंगचा कोर्स तुमच्या प्रश्नाला सगळ्यात जवळचा, कारण तिथे फोटो काढण्याइतकाच भर फोटो मोजण्यावर आहे. युरोपात रॉयल मायक्रोस्कोपिकल सोसायटीची उन्हाळी शाळा आणि जर्मनीत हायडेलबर्गला ईएमबीएलचे (युरोपीय मॉलिक्युलर बायॉलॉजी प्रयोगशाळा) कोर्सेस. सगळीकडे मोजकीच माणसं घेतात. शिष्यवृत्तीची सोय आहे का ते अर्ज भरतानाच विचारा, नंतर विचारून उपयोग नसतो.

काचपट्टी

सगळ्यांचे मनापासून आभार. अंधारखोली, तुम्ही सांगितलेली स्लाइड काल बनवली. हिरवा एकटाच, लाल चॅनेल चालू.

दिसलं. भरपूर दिसलं.

आणि हो, दोन्ही लेसर एकाच वेळी चालू होते, वेळ वाचतो म्हणून. सीनियरला फोन केला, तो म्हणाला, "अगं, आमच्यावेळी रंग वेगळे होते." म्हणजे त्याच्या रंगांना ते चालत होतं, मी रंग बदलले आणि सेटिंग तीच ठेवली.

मॅडमना दोन्ही फोटो शेजारी-शेजारी दाखवले. बराच वेळ बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "कुठल्या कोर्सचा अर्ज भरतेयस?"

आता अर्जाचं सांगा. "मला मायक्रोस्कोपीची आवड आहे" अशी सुरुवात केली होती, खोडली.

अंधारखोली

बरं केलंत. आवड सगळ्यांनाच असते. हीच गोष्ट लिहा: प्रश्न काय होता, फोटो कसे काढले, चूक कशी सापडली, आता काय अडलंय. निवडणाऱ्यांना तुमचा अडलेला प्रश्न दिसायला हवा. आणि परत आल्यावर लॅबमध्ये कुणाला शिकवणार तेही एका वाक्यात घाला, त्याला वजन असतं.

सोबत न्यायचं: दोन रंगांची स्लाइड, प्रत्येक रंग एकटा असलेली एकेक, आणि एक अजिबात न रंगवलेली. बिनरंगाची सगळे विसरतात, पण पेशी स्वतःही थोडी चमकते. ती चमक किती, हे त्याच स्लाइडवरून कळतं. कडा नेलपॉलिशने नीट बंद करा. मूळ फाइलीही न्या, जेपीईजी नको.

एक राहिलं. कव्हरस्लिपच्या (नमुन्यावर ठेवायची पातळ काच) डबीवर १.५ लिहिलंय ना? १.५ म्हणजे साधारण ०.१७ मिलिमीटर जाडी, आणि ऑब्जेक्टिव्ह तेवढ्याच जाडीच्या काचेसाठी बनवलेले असतात. तेलाच्या ऑब्जेक्टिव्हला (भिंग आणि काच यांच्यात तेलाचा थेंब घालतात ते) जाडी चुकली तरी एक वेळ चालून जातं, पण कोर्समध्ये पाण्याच्या ऑब्जेक्टिव्हवर बसलात तर लगेच धुरकट दिसेल.

काचपट्टी

आत्ता कपाट उघडून बघितलं. डबीवर नुसतं १ आहे. अशा अकरा डब्या आहेत.