व्होडाफोन आयडियाचे शेअर: धरून ठेवायचे की सोडायचे?

कोथरूडकर:
बाबांनी 2007 ला आयडियाच्या (व्होडाफोनशी एक व्हायच्या आधीच्या) आयपीओत, म्हणजे पहिल्या शेअर विक्रीत, 75 रुपयांनी 100 शेअर घेतलेले, तेव्हा कर्वे रोडला जाता-येता कंपनीचा बोर्ड दिसायचा आणि आपल्या गावातली वाटायची ती. मग 2019 च्या राइट्समध्ये, म्हणजे जुन्या शेअरवाल्यांना दिलेल्या नव्या शेअरमध्ये, साडेबाराने 228 घेतले, आणि 2024 च्या एफपीओत, म्हणजे कंपनीने पुन्हा लोकांना शेअर विकले त्यात, मी 11 ने एक लॉट उचलला, 1298 शेअर. घरातलं सगळं धरून सरासरी पंधराच्या आसपास बसते. आई म्हणते काढून टाका एकदाचे. माझं म्हणणं, आत्ता विकू नये. मार्च 2025 अखेर सरकारने स्पेक्ट्रमचं (मोबाइलच्या लहरी वापरायच्या हक्काचं) 36,950 कोटींचं देणं शेअरमध्ये घ्यायचं ठरवलं आणि सरकारचा हिस्सा 48.99 टक्क्यांवर गेला. एवढे पैसे अडकलेत म्हटल्यावर सरकार ही कंपनी बुडू देईल का? शिवाय ही गेली तर खाजगीत दोनच उरतात, आणि मग रिचार्ज कुठे जाईल याचा विचार करा. तुम्हाला काय वाटतं?

पेठेतला:
कंपनी बुडणार नाही हे मान्य, पण त्यात तुझं काय वाचतंय ते सांग. सरकारने 36,950 कोटी 10 रुपयाच्या भावाने घेतले म्हणजे 3,695 कोटी नवे शेअर बाजारात आले, एकूण साधारण 10,834 कोटी झाले. आता शेअर 20 व्हायचा तर कंपनीची किंमत दोन लाख कोटींच्या वर जायला पाहिजे. कुठून जाणार? दर वेळी देणं फिटत नाही म्हणून ते शेअरमध्ये बदलायचं, 2023 ला पण 16,133 कोटींचं असंच केलं होतं, आणि दर वेळी बाबांच्या 100 शेअरचा वाटा अजून बारीक होतो. सरकार कंपनीला वाचवतंय रे, तुला नाही.

हडपसरची मानसी:
पेठेतल्या दादांचं गणित बरोबर आहे पण कंपनीवर स्पेक्ट्रमशिवाय आणखी ओझं आलं कसं तेही बघा की. सरकारला द्यायची लायसन्स फी कंपनीच्या उत्पन्नाच्या टक्केवारीवर, आणि भांडण एवढंच की भाडं, व्याज, डिव्हिडंड असलं टेलिकॉमबाहेरचं उत्पन्न त्यात धरायचं का. वर्षानुवर्षं केस चालली, 24 ऑक्टोबर 2019 ला सुप्रीम कोर्टाने धरायचं म्हणून सांगितलं, आणि मूळ रकमेवर व्याज, दंड, दंडावर व्याज चढून आकडा 58 हजार कोटींवर गेला. मग 2021 ला सरकारनेच नियम बदलला की पुढे हे उत्पन्न धरायचं नाही. पुढे चूक वाटतं तर मागचं बरोबर कसं? म्हणून मला वाटतं यात आज ना उद्या सवलत मिळणारच, ऑक्टोबर 2025 मध्ये कोर्टानेही सरकारला फेरविचार करायला मोकळीक दिली. मी पण धरून आहे.

वारजेकर काका:
मानसीताई, न्याय तुमच्या बाजूने असेल, पण त्यावर पैसे लावू नका. सप्टेंबर 2024 ला कोर्टाने याच थकबाकीवरची क्युरेटिव्ह याचिका, म्हणजे निकालावरची शेवटची दाद, फेटाळली तेव्हा एका दिवसात शेअर जवळपास पाचवा हिस्सा पडला होता. त्या दिवशी कंपनीत काय बदललं होतं? एक टॉवर कमी झाला नव्हता की एक गिऱ्हाईक गेलं नव्हतं. मी बँकेतून रिटायर झालेला माणूस, अशाच एका टेलिकॉम कंपनीत ग्रॅच्युइटीतले पैसे घातले होते, ती दिवाळखोरीत गेली आणि शेअरला काही म्हणजे काही उरलं नाही. 2012 ला कोर्टाने 122 लायसन्स एका निकालात रद्द केली हेही या डोळ्यांनी पाहिलंय. ज्या धंद्यात निकाल, मंत्रिमंडळाची बैठक आणि लिलाव यांवर भाव ठरतो तिथे म्हाताऱ्या आईवडिलांचा पैसा ठेवू नये, तुमच्या पगारातला ठेवा हवा तर.

कोथरूडकर:
काका, हे पटलं, बाबांच्या पैशाचा मुद्दा वेगळाच आहे, तसा विचार केला नव्हता. पण पेठेतल्या, सगळेच सोडून गेले तर तिसरी कंपनी उभी राहणार कशी? एफपीओत 18 हजार कोटी लोकांनी दिले म्हणून तर फाइव्ह जीचं काम सुरू झालं.

पेठेतला:
दिले ना, पण ते देशसेवा म्हणून दिले असतील तर परताव्याची वाट बघू नकोस. मला एवढंच म्हणायचंय की तिसरी कंपनी देशाला हवी आणि हा शेअर तुला हवा या दोन गोष्टी तू एकात मिसळतोयस.

मानसी:
आणि विकायचे ठरलं तर एक बघून घे, बाबांचं डिमॅट आणि तुझं वेगळं आहे ना? एकाच खात्यात असतील तर आधी घेतलेले आधी विकले असं धरतात, म्हणजे लॉटमधले विकतोय म्हणशील आणि हिशोबात 75 वाले जातील. बाबांचा तो लाँग टर्म (वर्षाहून जास्त धरलेल्या शेअरचा) तोटा मात्र वाया घालवू नका, रिटर्न वेळेत भरलं तर 8 वर्षं पुढे नेता येतो, लाँग टर्म नफ्यातूनच वजा होतो फक्त.

कोथरूडकर:
खाती वेगळी आहेत. बाबांच्या म्युच्युअल फंडात लाँग टर्म नफा आहे थोडा, तिथे वजा होईल हा तोटा. रविवारी त्यांच्यासोबत बसून त्यांचे 328 काढतो. माझा लॉट राहू दे, तो माझ्या पगारातला आहे.